युरोपच्या सासऱ्याच्या तीन लेकी: डेन्मार्कच्या राजकन्या आणि त्यांची सासरं

केतकी

लेक दिली की ते राज्य आपलं झालं, निदान वैरी तरी उरलं नाही, असं आपण राजघराण्यांच्या सोयरिकींबद्दल गृहीत धरून चालतो. डेन्मार्कच्या राजकन्यांबद्दल वाचत गेले तसतसा माझा या समजुतीवरचा विश्वास उडत गेला. म्हणून हा धागा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: या लग्नांतून डेन्मार्कच्या पदरात जवळजवळ काहीच पडलं नाही, आणि जे भोगायचं ते त्या मुलींनी भोगलं.

कोपनहेगनच्या अमालियेगाडे या रस्त्यावर एक पिवळा वाडा आहे. राजवाड्याजवळ असला तरी राजवाडा म्हणावा असा तो नाही. तिथे ख्रिश्चन नावाचा एक लष्करी अधिकारी बायको लुईझ आणि सहा मुलांसह राहायचा. घराणं मोठं, पण हातात पैसा बेताचा. अलेक्झांड्रा आणि डागमार या बहिणी एकाच खोलीत झोपायच्या, स्वतःचे कपडे स्वतः शिवायच्या. राजा सातवा फ्रेडरिक निपुत्रिक होता, म्हणून १८५२ च्या लंडन करारात बड्या सत्तांनी या ख्रिश्चनला वारस ठरवलं.

१८६३ हे या घराचं वर्ष. मार्चमध्ये थोरली लेक अलेक्झांड्रा इंग्लंडच्या युवराजाला दिली. त्याच महिन्यात ग्रीसने दुसरा मुलगा विल्यम याला राजा म्हणून निवडलं, तेव्हा तो जेमतेम १७ वर्षांचा. नोव्हेंबरमध्ये फ्रेडरिक वारला आणि वडील नववे ख्रिश्चन म्हणून गादीवर आले. यांनाच पुढे 'युरोपचा सासरा' म्हणू लागले. म्हणजे बापाआधी मुलगा राजा झाला.

अलेक्झांड्राचं लग्न १० मार्च १८६३ रोजी विंडसरला झालं. व्हिक्टोरिया राणीचा नवरा अल्बर्ट जाऊन सव्वा वर्षच झालं होतं. राणी काळ्या कपड्यांत वरच्या सज्जात बसून राहिली, खाली आलीच नाही. चार वर्षांचा एक नातू मात्र मांडवात काकामामांच्या पायांना चावत होता. तो जर्मनीचा पुढचा कैसर, म्हणजे सम्राट, विल्हेल्म. लग्नाआधी राणीने या मुलीला काही दिवस एकटीला आपल्याजवळ ठेवून घेतलं होतं. आईवडिलांना तिथे राहायचं बोलावणं नव्हतं. मुलीची पारखच चालली होती, दुसरं काय.

जानेवारी १८६४ मध्ये तिला पहिला मुलगा झाला, तोही दिवस भरायच्या दोन महिने आधी. ती बाळंतिणीच्या खोलीत असतानाच १ फेब्रुवारीला प्रशिया आणि ऑस्ट्रियाच्या फौजा डेन्मार्कच्या दक्षिणेकडच्या श्लेस्विग प्रांतात शिरल्या. आदल्या जुलैत पंतप्रधान पामर्स्टन पार्लमेंटात म्हणाले होते की डेन्मार्कवर कुणी चाल करून गेलं तर त्याला एकट्या डेन्मार्कशी लढावं लागणार नाही. प्रत्यक्षात इंग्लंडची एक तुकडीही गेली नाही. घरात सुनेचं माहेर जळत होतं आणि व्हिक्टोरियाने या विषयावर जेवणाच्या टेबलावर बोलायलाच मनाई केली, कारण तिची स्वतःची लेक प्रशियात दिलेली होती. त्या युद्धात डेन्मार्कने श्लेस्विग, होल्स्टाइन आणि लाउएनबुर्ग गमावले, म्हणजे सुमारे ४० टक्के मुलूख.

आता डागमार. तिन्ही बहिणींत मला सगळ्यात जवळची वाटते ती हीच. १८६४ च्या सप्टेंबरात, पराभव समोर दिसत असताना, रशियाचा युवराज निकोलस डेन्मार्कच्या राजघराण्याच्या फ्रेडेन्सबोर्ग वाड्यावर आला आणि त्यांचं ठरलं. दोघांचं खरंच एकमेकांवर मन बसलं होतं. डागमारने होणाऱ्या सासऱ्याला, झारला, पत्र लिहून माहेरासाठी मदत मागितली. मदत आली नाही. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या नीसला निकोलस मेंदूज्वराने वारला. १७ वर्षांची डागमार त्याच्या उशाशी होती. मरताना त्याने तिचा हात धाकट्या भावाच्या, अलेक्झांडरच्या, हातात दिला असं सांगतात. सांगणाऱ्यांना ही गोष्ट फार गोड वाटते. मला ती ऐकताना त्या मुलीचं काय झालं असेल एवढंच मनात येतं. १८६६ मध्ये त्या धाकट्या भावानेच तिला मागणी घातली.

ती बोटीने निघाली तेव्हा धक्क्यावरच्या गर्दीत हान्स ख्रिश्चन अँडरसन उभा होता. ती जाता जाता थांबली आणि तिने त्याचा हात हातात घेतला. त्याचे डोळे भरून आले. गरीब बिचारी पोर, देवा हिला सांभाळ, अशा अर्थाची नोंद त्याने रोजनिशीत केली. ९ नोव्हेंबर १८६६ ला सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळी राजवाड्यात लग्न झालं. धर्म बदलला, नाव बदललं: मारिया फ्योदोरोव्हना.

संसार मात्र सुखाचा झाला. तिसरा अलेक्झांडर आडदांड, कडक, पण बायकोशी एकनिष्ठ. जवाहिऱ्या फाबर्जेने घडवलेलं पहिलं शोभेचं शाही अंडं १८८५ च्या ईस्टरला त्याने तिलाच दिलं. १८९० च्या अंड्यात तर तिचं माहेरच होतं. गुलाबी मिन्याच्या त्या अंड्यात दहा पानांची घडीची चिमुकली चौकट आहे आणि शिंपल्याच्या पातळ चकत्यांवर तिच्या ओळखीचे डेन्मार्कचे वाडे आणि शाही नौका रंगवल्या आहेत.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा १८९४ मध्ये ४९ व्या वर्षी गेला. मुलगा दुसरा निकोलस, सून आणि पाचही नातवंडं १९१८ मध्ये गोळ्या घालून मारली गेली. तिचा धाकटा मुलगा मिखाईलही त्याच वर्षी मारला गेला. अलेक्झांड्राच्या मुलाने, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जने, १९१७ मध्ये आपल्या सख्ख्या मावसभावाला आसरा द्यायची तयारी आधी दाखवली आणि मग मागे घेतली. दोन वर्षांनी त्यानेच मावशीसाठी युद्धनौका धाडली. बरोबरच्या निर्वासितांनाही घेतल्याशिवाय आपण हलणार नाही असा डागमारने हट्ट धरला आणि एप्रिल १९१९ मध्ये ती क्रिमियातून निघाली. मुलगे मेले हे तिने शेवटपर्यंत मान्य केलं नाही. १३ ऑक्टोबर १९२८ ला कोपनहेगनजवळच्या व्हिडोर या घरात ती वारली.

धाकट्या थायराबद्दल खाली लिहीन. तुम्हाला काय वाटतं?

माळरान

छान धागा, केतकीताई. एक शंका आहे. घरात पैसा नाही, देश लहान, तरी एवढी मोठी स्थळं कशी चालून आली?

केतकी

धन्यवाद. लहान देश हेच मुख्य कारण. इंग्लंडच्या युवराजाला कॅथलिक मुलगी करता येत नव्हती. प्रॉटेस्टंट राजकन्या बहुतेक जर्मन संस्थानांतल्या, आणि युवराजाची बहीण विकी त्यांच्या याद्या करून दमली होती. त्या यादीत डेन्मार्कचं नाव राजकीय अडचणीमुळे शेवटी होतं. पण मुलगी देखणी, वागायला सरळ. सप्टेंबर १८६१ मध्ये स्पायरच्या कॅथीड्रलमध्ये सहज गाठ पडल्याचं दाखवून दोघांची भेट घडवली. म्हणजे आपल्याकडे देवळात मुलगी दाखवतात तसंच.

रशियाचं गणित वेगळं. बाल्टिकमधून बाहेर पडायचं तर डेन्मार्कच्या दारातूनच जावं लागतं. आणि ऑर्थोडॉक्स व्हायला लुथेरन मुलगी तयार होत असे, कॅथलिक घराणी ते मान्य करत नसत.

जुना_नकाशा

मांडणी आवडली. नवव्या ख्रिश्चनच्या मुलींवरच सगळे थांबतात, म्हणून थोडं मागे नेतो.

डेन्मार्कने लेकीच्या हुंड्यापायी खरोखरचा मुलूख घालवला आहे. पहिल्या ख्रिश्चनची मुलगी मार्गारेट १४६९ मध्ये स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सला दिली. ती १३ वर्षांची होती. हुंडा ठरला ६०,००० ऱ्हेनिश गिल्डर. बापाकडे एवढी रोकड कुठली? ५०,००० साठी ऑर्कनी बेटं गहाण टाकली. उरलेल्या १०,००० पैकी २,००० कसेबसे दिले आणि ८,००० साठी शेटलंडही गहाण गेलं. ते गहाण कधीच सुटलं नाही. १४७२ मध्ये स्कॉटलंडने दोन्ही बेटसमूह अधिकृतपणे ताब्यात घेतले. आज ते ब्रिटनमध्ये आहेत.

दुसरी ॲन. १५८९ च्या ऑगस्टमध्ये क्रोनबोर्ग किल्ल्यात तिचं स्कॉटलंडच्या सहाव्या जेम्सशी प्रतिनिधीमार्फत लग्न लागलं. ती १४ वर्षांची. जहाजं निघाली आणि वादळांनी त्यांना नॉर्वेच्या किनाऱ्याला नेऊन सोडलं. शेवटी नवराच समुद्र ओलांडून गेला आणि नोव्हेंबरमध्ये ऑस्लोत पुन्हा लग्न लागलं. त्या वादळाचं खापर चेटकिणींवर फुटलं. कोपनहेगनमध्ये खटले चालले, स्कॉटलंडमध्ये नॉर्थ बेरिक खटले म्हणून ओळखले जाणारे खटले चालले, बायका जाळल्या गेल्या. एका राजकन्येच्या प्रवासाला उशीर झाला म्हणून.

या ॲनचा नातू म्हणजे दुसरा चार्ल्स. १६६१ च्या करारात पोर्तुगालच्या कॅथरिनबरोबर मुंबई आंदण मिळाली ती यालाच. १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

शेवंती

बाप रे, चेटकिणींचं माहीत नव्हतं. वाचतेय.

रेवती_जोग

केतकी, "जे भोगायचं ते मुलींनी भोगलं" यावर माझ्याकडून आणखी एक नाव. या विषयावर कुणी बोलायला लागलं की मला आधी इंगेबोर्ग आठवते.

बाराव्या शतकातली गोष्ट. डेन्मार्कचा राजा पहिल्या वाल्डेमारची ही मुलगी. फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपला इंग्लंडविरुद्ध डेन्मार्कचं आरमार आणि इंग्लंडच्या गादीवरचा जुना डॅनिश हक्क हवा होता, म्हणून मागणी आली. १०,००० मार्क चांदीचा हुंडा घेऊन ती १४ ऑगस्ट ११९३ ला आमियाँला पोचली. त्याच दिवशी लग्न. दुसऱ्या दिवशी तिच्या राज्याभिषेकाच्या सोहळ्यातच राजा पांढराफटक पडला, आणि तो संपताच ही बायको मला नको म्हणाला. का, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

तीन महिन्यांच्या आत कॉम्पिएन्यला बिशपांची सभा भरवली, नात्याचा खोटा वंशवृक्ष दाखवला आणि लग्न रद्द केलं. तिला फ्रेंच येत नव्हतं, तिच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. निकाल सांगितल्यावर ती मोडक्या लॅटिनमध्ये ओरडली: "दुष्ट फ्रान्स! रोम! रोम!" म्हणजे मी पोपकडे दाद मागणार.

आणि तिने खरंच दाद मागितली. परत माहेरी जा म्हणाले, गेली नाही. मठांत आणि किल्ल्यांत कोंडलं, एताँपच्या बुरुजात ठेवलं, तरी ती पोपना पत्रं पाठवत राहिली. फिलिपने ११९६ मध्ये दुसरी बायको केली. १२०० मध्ये तिसऱ्या इनोसंट पोपने अख्ख्या फ्रान्समधली चर्चची कामं बंद पाडली. लोकांना रीतसर दफनसुद्धा मिळेना. तरी तिची सुटका १२१३ मध्ये झाली, तेही फिलिपला पुन्हा इंग्लंडवर चाल करायची होती आणि पोप व डेन्मार्क दोघेही हवे होते म्हणून. वीस वर्षं! पत्नीचा मान मात्र त्याने दिला नाहीच, फक्त राणीचा दर्जा दिला. ती त्याच्यानंतर १४ वर्षं जगली.

तिला हट्टी म्हणणारे इतिहासकार मी वाचले आहेत. परक्या देशात, भाषा येत नसताना, कोठडीतून युरोपातल्या सगळ्यात ताकदवान राजाशी वीस वर्षं कज्जा चालवणारी बाई हट्टी नव्हे, थोर आहे.

शेवंती

रेवतीताई +१. शेवटची ओळ तर अगदी.

उत्तरवारा

मी कोपनहेगनला राहतो, त्यामुळे डागमारबद्दल थोडी भर. तिला आधी रोस्किल्डच्या कॅथीड्रलमध्ये ठेवलं होतं, डेन्मार्कचे राजे असतात तिथे. तिची इच्छा नवऱ्याशेजारी विसावण्याची होती. ती २००६ च्या सप्टेंबरात पूर्ण झाली. शवपेटी जहाजाने रशियाला नेली आणि सेंट पीटर्सबर्गच्या पीटर-पॉल किल्ल्यात तिसऱ्या अलेक्झांडरशेजारी तिला पुरलं. माहेरहून तिची पाठवणी दोनदा झाली, १८६६ मध्ये आणि त्यानंतर १४० वर्षांनी.

फ्रेडेन्सबोर्गला उन्हाळ्यात सगळे जावई, लेकी, नातवंडं जमत. रशियात अंगरक्षकांशिवाय पाऊल टाकता न येणारा झार इथे पोरांबरोबर दंगा करायचा. वाड्याच्या खिडक्यांच्या काचांवर पाहुण्यांनी हिऱ्याने नावं कोरून ठेवायची तिथे पद्धत आहे. शहरात ब्रेडगाडेवर सोनेरी घुमटांचं रशियन चर्च आहे, १८८१ ते १८८३ मध्ये बांधलेलं. डागमारची अंत्यप्रार्थना तिथेच झाली.

एक किस्साही इथे सांगतात. म्हातारपणी ती अमालियनबोर्ग राजवाड्यात भाच्याकडे, म्हणजे राजा दहाव्या ख्रिश्चनकडे राहत होती. विजेचं बिल फार येतं, दिवे कमी लावा, असा त्याने निरोप धाडला. तिने नोकरांना बोलावून तळघरापासून माळ्यापर्यंत सगळे दिवे लावायला सांगितले.

माळरान

सगळं वाचलं, पण केतकीताई, "काहीच मिळालं नाही" हे मला पटत नाही. अलेक्झांड्रा आणि डागमार दोघी प्रशियाचा आयुष्यभर द्वेष करत राहिल्या. एक लंडनला, एक पीटर्सबर्गला. पुढे फ्रान्स-रशिया युती झाली, १९०७ मध्ये इंग्लंड-रशिया करार झाला, आणि १९१४ मध्ये जर्मनी एकटा पडला. पराभवानंतर १९२० मध्ये सार्वमत होऊन उत्तर श्लेस्विग डेन्मार्कला परत मिळालं. त्या दोन बहिणींच्या द्वेषाचा यात वाटा नाही?

केतकी

माळरान, द्वेष होता यात वाद नाही. अलेक्झांड्राच्या धाकट्या जॉर्जला प्रशियन फौजेचं मानद कर्नलपद मिळालं तेव्हा आईने पत्रात किती जळफळाट केला होता! पण द्वेषाने धोरण बदललं का ते बघा. १८९० मध्ये हेल्गोलँड बेट जर्मनीला द्यायचं ठरलं. ते बेट १८०७ पर्यंत डेन्मार्कचंच होतं. अलेक्झांड्राने स्वतः टिपण लिहून मंत्र्यांना विरोध कळवला. बेट दिलंच.

फ्रान्स-रशिया युतीचं कारण बर्लिनमध्ये आहे. चान्सलर बिस्मार्क सत्तेवरून गेल्यावर जर्मनीने रशियाबरोबरचा गुप्त करार पुढे चालू ठेवला नाही, आणि रशियाला फ्रान्सकडून कर्ज मिळत होतं. डागमारला आनंद झाला असेल, पण तिच्यामुळे ते झालं नाही.

आणि आता थायरा, कारण माझा खरा पुरावा तीच आहे. तिच्या वाट्याला आधीच फार आलं होतं. १८७१ मध्ये एका तरुण लष्करी अधिकाऱ्यापासून तिला मूल झालं. ते अथेन्समध्ये गुपचूप जन्माला घालून दत्तक दिलं गेलं, आणि त्या अधिकाऱ्याने पुढे आत्महत्या केली, असं डॅनिश इतिहासकारांनी लिहिलं आहे. २१ डिसेंबर १८७८ ला तिचं लग्न हॅनोव्हरच्या अर्न्स्ट ऑगस्टशी झालं. त्याचं राज्य १८६६ मध्ये प्रशियाने गिळलं होतं आणि तो हक्क सोडायला तयार नव्हता. म्हणजे बिस्मार्कच्या डोळ्यातलं कुसळ. प्रशिया आणि ऑस्ट्रियातल्या १८६६ च्या प्राग तहाच्या पाचव्या कलमात उत्तर श्लेस्विगच्या लोकांना सार्वमताचं आश्वासन होतं. ते कलम रद्द केल्याचं १८७९ च्या सुरुवातीला, या लग्नानंतर काही आठवड्यांत, जाहीर झालं. बिस्मार्कला ते आधीपासूनच नको होतं हे खरं, पण जाहीर करायला त्याला हे लग्न आयतंच सापडलं. सोयरिकीने मुलूख परत मिळायचा राहिला बाजूला, सार्वमत ४१ वर्षं लांबलं.

मे १९१३ मध्ये याच थायराच्या मुलाने बर्लिनमध्ये कैसरच्या एकुलत्या एक मुलीशी लग्न केलं. त्या मांडवात पाचवा जॉर्ज होता, दुसरा निकोलस होता आणि नवरदेव स्वतः. तिन्ही बहिणींचा एकेक मुलगा एका छताखाली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये जॉर्ज आणि निकोलस एका बाजूला आणि नवरदेव दुसऱ्या बाजूला, असं युद्ध पेटलं होतं. थायराच्या नवऱ्याच्या ब्रिटिश पदव्या १९१९ मध्ये काढून घेतल्या गेल्या, तेव्हा इंग्लंडच्या गादीवर तिचा भाचाच होता.

माळरान

थायराच्या लग्नाचा आणि पाचव्या कलमाचा संबंध मला माहीत नव्हता. १९०७ बद्दल मी अजून थोडा अडून आहे, अलेक्झांड्राच्या नवऱ्याच्या, म्हणजे सातव्या एडवर्डच्या, रशियाबद्दलच्या मवाळपणात बायकोचा हात असणारच. पण मुलुखाच्या हिशोबात तुमचं म्हणणं बरोबर आहे.

परळ_नाका

अलेक्झांड्राच्या मुंबईतल्या खुणा कुणी लिहिल्या नाहीत म्हणून लिहितो. तिचं लग्न झालं त्याच वर्षी, १८६३ मध्ये, माणेकजी करसेटजींनी फोर्टमध्ये मुलींची इंग्रजी शाळा काढली आणि तिचं नाव दिलं, अलेक्झांड्रा. त्या काळात मुलींना इंग्रजी शिकवणं किती धाडसाचं होतं! इंदिरा डॉक म्हणतो तेही मूळचं अलेक्झांड्रा डॉक, १९१४ मध्ये सुरू झालेलं.

नवरा नोव्हेंबर १८७५ मध्ये मुंबईला आला होता. तिलाही यायचं होतं, पण येऊ दिलं नाही आणि ती फार हिरमुसली होती. काळा घोडा म्हणजे त्याच नवऱ्याचा घोड्यावरचा पुतळा, आता राणीच्या बागेत आहे.

रेवती_जोग

अलेक्झांड्राबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची राहतेय. १८६७ च्या आजारपणात तिचा गुडघा अधू झाला, आईकडून आलेल्या बहिरेपणाने ऐकू येणंही कमी होत गेलं. तिच्या लंगडण्याचीसुद्धा लंडनच्या बायकांनी फॅशन म्हणून नक्कल केली, हे वाचून मला संताप आला होता. तिने मात्र दवाखान्यांत मन घातलं. कोपनहेगनच्या नील्स फिन्सेनने त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार करायचा दिवा बनवला होता. तो १९०० मध्ये लंडन हॉस्पिटलला तिनेच मिळवून दिला. फिन्सेनला नोबेल मिळालं १९०३ मध्ये. व्हाइटचॅपेलला तिचा पुतळा आहे, त्याखाली त्या दिव्याचं शिल्प आहे. केतकी, तुझ्या हिशोबात हे कुठे बसतं?

केतकी

रेवती, हे माझ्या हिशोबात बसत नाही आणि बसवायचंही नाही. सासरच्या गरीब रोग्यांना माहेरचं काही मिळालं, ते तिचं स्वतःचं काम.

शेवंती

आत्ताच्या राजांशी यांचं नातं कसं लागतं? आणि परदेशी राजाला दिलेली शेवटची डॅनिश राजकन्या कोण?

केतकी

आज डेन्मार्क, ब्रिटन, नॉर्वे, स्पेन, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग या सहा गाद्यांवर नवव्या ख्रिश्चनचे वंशज आहेत. तिसरा चार्ल्स तर दोन्हीकडून: आई अलेक्झांड्राच्या वंशातली, वडील फिलिप ग्रीसला गेलेल्या विल्यमच्या. बेल्जियमचं नातं आणखी एका डॅनिश लेकीमुळे, आणि नॉर्वेचं तिच्यामुळेही. नवव्या ख्रिश्चनच्या थोरल्या मुलाची, म्हणजे आठव्या फ्रेडरिकची, मुलगी इंगेबोर्ग (रेवतीने सांगितलेली नव्हे) स्वीडनच्या राजपुत्राला दिली होती. तिची एक मुलगी आस्त्रिद बेल्जियमची राणी झाली आणि १९३५ मध्ये मोटार अपघातात गेली. दुसरी मार्था नॉर्वेची युवराज्ञी.

शेवटची राजकन्या ॲन-मारी, राणी मार्गरेटेची धाकटी बहीण. १८ सप्टेंबर १९६४ ला अथेन्समध्ये ग्रीसच्या दुसऱ्या कॉन्स्टंटाइनशी लग्न झालं, तेव्हा ती १८ वर्षांची होती. तीन वर्षांत, डिसेंबर १९६७ मध्ये, लष्करी राजवट उलथवायचा त्याचा प्रयत्न फसला आणि दोघं मुलांसह रोमला पळाले. १९७४ च्या सार्वमतात ग्रीक लोकांनी राजेशाहीच नाकारली. पुढची अनेक वर्षं लंडनमध्ये गेली, आणि २०१३ मध्ये ती दोघं ग्रीसला परत राहायला गेली. कॉन्स्टंटाइन जानेवारी २०२३ मध्ये अथेन्समध्ये वारला. नवरा-बायको दोघंही नवव्या ख्रिश्चनच्याच वंशातली होती, हेही जाता जाता सांगते.

जुना_नकाशा

स्वीडनला दिलेल्या मुलींवर वेगळा धागा काढतो. उलरिका एलिओनोराची सोयरीक ठरली आणि लगेच दोन्ही देशांत युद्ध पेटलं. तिने ठरलेलं लग्न मोडायला नकार दिला आणि दागिने विकून स्वीडिश कैद्यांना मदत केली. १६८० मध्ये तिचं लग्न झालं. पुढच्या शतकातल्या सोफिया मॅग्डालेनाचं सासरी काय झालं ते या धाग्यात मावणार नाही.

केतकी

नक्की काढा, वाट बघते. उलरिकाच्या सासूबद्दल सविस्तर लिहा.